सोलारवाला ड्रिल घेऊन गच्चीवर चढण्याआधी

तुमची पोस्ट वाचताना एका ओळीवर थबकलो. नागपूरच्या बेसा भागात दीड हजार फुटांचा प्लॉट, तळमजला अधिक एक, लाल वीट की एएसी ब्लॉक (ते हलके, सच्छिद्र सिमेंटचे), डबल काच घ्यावी का, हे सगळं ठीक. पण मधेच तुम्ही सहज लिहून गेलात की गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि इन्सुलेशन आता करून घेताय, सोलार पुढच्या वर्षी, आणि सोलारवाला म्हणतो, "नंतर भोकं पाडून अँकर टाकून देऊ, काही होत नाही."

भाऊ, हेच वाक्य मला २०१९ साली ऐकवलं होतं. त्याची किंमत अडीच लाखांच्या वर गेली, म्हणून हे लांबलचक लिहितोय. आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही, हिशेब लिहिणारा माणूस आहे. वजन, सळया, बीम यांबद्दल जे काही म्हणेन ते तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच करा.

दिशा, हवा खेळती, झाडं वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यावर वेळ घालवत नाही. नागपुरात घर तापतं ते आधी छतातून. आपल्याकडे २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. म्हणजे ऐन नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, सगळा मार स्लॅबवर. त्यानंतर नंबर पश्चिमेच्या भिंतीचा. दक्षिणेला लोक उगाच घाबरतात. मे महिन्यात दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा असला की दुपारचं ऊन आत येतच नाही. पश्चिमेला मात्र चारनंतर ऊन आडवं येतं, तिथे छज्जा काही कामाचा नाही. तिकडे जिना, संडास-बाथरूम, सामानाची खोली टाका. मी बेडरूम टाकली, कारण 'एलिव्हेशन चांगलं दिसतं'. आता दर मार्चमध्ये त्या खिडकीला बाहेरून हिरवी नेट बांधतो, काय एलिव्हेशन दिसायचं ते दिसतं.

तर छत. नुसत्या सहा इंची स्लॅबचा यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती भराभर आत येते त्याचा आकडा, साधारण साडेतीन-चारच्या घरात असतो. केंद्राच्या २०१८च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जा बचतीच्या नियमांत, छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. तो नियम मोठ्या प्लॉटसाठी आहे, आपल्यासारख्यांना कोणी विचारायला येत नाही, पण आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. स्लॅबवर ५० मिलिमीटरची एक्सपीएस शीट (कडक फोमची, उष्णता अडवणारी) टाकली की हाच आकडा ०.५च्या आसपास येतो. वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझाइक. मी हे सगळं केलं होतं आणि पहिला उन्हाळा खरंच सुखाचा गेला. तापमान मोजायची बंदूक घेतली होती, पोरासारखा गच्चीवर फिरायचो. शेजाऱ्यांची सिमेंटची गच्ची दुपारी दोनला ६३ अंश, माझी ४६. रात्री नऊला, स्लॅब सगळी उष्णता खाली सोडतो त्या वेळी, त्यांचं सिलिंग ४१, माझं ३४. (२०२४च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि देशभर गाजले, मग सेन्सर बिघडल्याचं निघालं. तेव्हा माझ्या बंदुकीचे आकडेही थोडे इकडेतिकडे धरूनच घ्या. फरक मात्र हाताला लागत होता.)

मग डिसेंबरात सोलार बसवलं. तीन किलोवॉट, उंच स्ट्रक्चर, सहा पाय, प्रत्येक पायाला चार बोल्ट. चोवीस भोकं. मी खाली चहा करत होतो आणि वरून ड्रिलचा आवाज येत होता. त्या आवाजाचा अर्थ तेव्हा कळला नाही. टाइल फोडून, कोबा म्हणजे टाइलखालचा काँक्रीटचा थर फोडून, शीटमधून, वॉटरप्रूफिंगमधून थेट स्लॅबमध्ये. वर केमिकल भरलं, सिमेंट लिंपलं, पांढरा रंगही मारला. फोटो काढण्यासारखं काम.

पुढच्या जुलैत आईच्या खोलीत पंख्याच्या रॉडपाशी थेंब लटकलेला दिसला. सोलारचा सगळ्यात जवळचा पाय तिथून चौदा फुटांवर! म्हणून कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मी गच्चीच्या कठड्याच्या भेगा भरल्या, पाइपाचा सांधा बदलला, महिना घालवला. खरं कारण खूप उशिरा कळलं. एका भोकाने स्लॅबमधला वायरिंगचा पाइप फोडला होता. पाणी त्या पाइपातून आरामात चालत पंख्याच्या बॉक्सपर्यंत यायचं. गळतंय कुठे आणि शिरतंय कुठे, यांचा काही संबंध नाही. वायरिंगच्या पाइपातून पाणी, तेही म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर. पंख्याची लाइन बंद करून तिला तीन पावसाळे टेबलफॅनवर काढावे लागले.

आता टोलवाटोलवी ऐका. वॉटरप्रूफिंगवाल्याने दहा वर्षांचा गॅरंटीचा कागद दिला होता, शिक्का-सही सकट. तो आला, वर गेला, बोल्ट पाहिले, हसला. "तुम्ही भोकं पाडली ना, मग गॅरंटी संपली." कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात तसं होतंही. सोलारवाला म्हणे, "आमचं केमिकल पक्कं आहे, तुमची गच्ची आधीपासून गळत असेल." त्यांच्या तक्रार क्रमांकावर फोन केला की दोन दिवसांनी मेसेज यायचा: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कोणी आलंच नाही आणि निराकरण झालं! असं तीनदा. चौथ्यांदा मी फोनवरच्या मुलीला म्हटलं, बाई, निराकरण झालं असेल तर माझ्या घरी का गळतंय? ती म्हणाली, सर, त्यासाठी नवीन तक्रार नोंदवावी लागेल. नावं घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तुम्हाला जे भेटतील तेही असेच निघायची शक्यता धरून चाला.

शेवटी २०२३च्या फेब्रुवारीत गच्ची फोडली. मिस्त्रीने कोबा काढून पहिली शीट पहारीने उचलली तेव्हा मी बाजूलाच होतो. पाऊस थांबून चार महिने झालेले, वर टाइल्स कोरड्या ठक्क, आणि शीटखाली पाणी चमकत होतं. बोटभर नाही, पण हात ठेवला तर तळवा भिजेल इतकं. शीटची खालची बाजू काळी, वास तळघरासारखा. मिस्त्री म्हणाला, "साहेब, तुम्ही तं गच्चीवर विहीरच बांधली ना बाप्पा."

याच्यात माझा स्वतःचा दोषही होता. पाणी वाहून जायचा उतार आम्ही फक्त वरच्या कोब्यात दिला होता. शीटच्या खालचा स्लॅब सपाट. एकदा पाणी खाली गेलं की ते जाणार कुठे? वर इन्सुलेशनचं पांघरूण, ऊनही पोहोचत नाही, त्यामुळे वाळत नाही. उतार शीटच्या खालीच द्यायचा, वॉटरप्रूफिंगच्या आधी, आणि पाइपाच्या तोंडाशी खालच्या थरातलं पाणीही निघेल अशी सोय ठेवायची. हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही म्हणा, मला वाटलं उतार म्हणजे उतार.

तेव्हा तुमच्यासाठी सरळ सांगतो. सोलार पुढच्या वर्षी घ्या नाही तर पाच वर्षांनी घ्या, त्याचे पाय आत्ता ठरवा. शक्यतो कॉलम आणि बीमच्या वर येतील असे. तिथे स्लॅब टाकतानाच सळया वर काढून ठेवा आणि फूटभर उंचीचे काँक्रीटचे ठोकळे उभे करा. मग उतार, मग वॉटरप्रूफिंग, आणि ते ठोकळ्याच्या अंगावरून वर चढवून घ्या, कोपऱ्याला गोलाई देऊन. त्यानंतर शीट, कोबा, टाइल. बोल्ट कायम ठोकळ्याच्या डोक्यावर, गच्चीच्या पातळीला एकही भोक नाही. सहा ठोकळ्यांना आठ-दहा हजार लागतील. मला गच्ची फोडणं, मलबा उतरवणं, पुन्हा सगळे थर, पॅनेल काढून परत चढवणं, असे एकूण दोन लाख साठ हजार लागले. आमच्या वेळी सळया नव्हत्या, म्हणून इंजिनिअरच्या देखरेखीत जुन्या स्लॅबला नव्या सळया बसवाव्या लागल्या, तो खर्च यातच.

आणि प्रत्येक ठेकेदार गच्चीवरून उतरला की तीन दिवस पाणी साठवून ठेवा. वॉटरप्रूफिंगनंतर, कोब्यानंतर, सोलारनंतर सुद्धा. त्याचा हिशेब चुकता करण्याआधी. पैसे हातात पडलेला माणूस पुन्हा जिना चढत नाही.

ठोकळे मजबूत लागतात याला आणखी कारण आहे. मे-जूनमधली आपली वादळं पॅनेल खालून उचलतात. उंच स्ट्रक्चर असेल तर जास्तच. मात्र उंच घ्याच, खाली सावली पडते आणि गच्चीही वापरता येते.

सोलारचा हिशेब मांडताना एक भ्रम काढून टाका. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त असं सरळ नसतं. पॅनेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं आणि आपल्या मे महिन्यात पॅनेल ६५ला सहज पोहोचतं. किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरा. अनुदान सध्याच्या पीएम सूर्य घर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार आहे. मी लावलं तेव्हा हिशेब वेगळा होता, त्यामुळे अर्जाच्या भानगडीबद्दल माझा अनुभव जुना समजा.

वीट की ब्लॉक? पश्चिमेला आठ इंची एएसी, बाकी जे चांगलं मिळेल ते. फक्त ब्लॉकच्या भिंतीत वायरिंगसाठी छिन्नी-हातोडा चालू देऊ नका, कटरने खाचा पाडा, नाही तर प्लास्टरला भेगा पडतात. डबल काचेवर पैसे घालवू नका असं माझं मत आहे, निदान एसी नसलेल्या खोल्यांत तरी. ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं. चिक लावा, नेट लावा, वाळ्याची ताटी लावा. पडदा म्हणजे घरात आलेल्या पाहुण्याला दार बंद करून अडवणं. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या, ७५ वॉटच्या जागी तीसेक वॉटमध्ये काम होतं.

आणि कूलर! नागपुरात घर बांधणारे आर्किटेक्टसुद्धा कूलरला जागा ठेवत नाहीत, मग दर मार्चमध्ये खिडकीची जाळी कापा, लोखंडी स्टँड ठोका. पूर्वेला किंवा उत्तरेला कूलरच्या मापाची खिडकी, तिथे पाण्याचा नळ, खाली पाणी जायला पाइप, बाहेर प्लग. आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला झरोका, नाही तर जूनमध्ये अंथरूण दमट होतं. पाणी बोअरचं असेल तर पॅडवर क्षार चढतात, नळाचंच जोडा.

तुम्ही टाकीबद्दलही विचारलंय. पांढरी घ्या आणि पॅनेलच्या सावलीत ठेवा, नाही तर मे महिन्यात दुपारी नळाला चहाचं पाणी येतं. टाकीच्या स्टँडलाही ठोकळेच हवेत, तिथेही प्लंबर ड्रिल काढतो.

स्लॅब कधी आहे ते लिहा. सळयांची जाळी बांधून झाली की गच्चीचा एक फोटो टाका, पायांच्या जागी सळया वर निघाल्यात का ते पाहून सांगतो.