मुंग्या गेल्या, पण मूठ मिटेना

दुखण्यामागच्या भीतीवर लोकांबरोबर काम करणं हे माझं काम. कार्पल टनेलच्या, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात दबलेली नस मोकळी करण्याच्या ऑपरेशननंतर माझ्याकडे येणाऱ्या लोकांचा प्रश्न बहुधा एकच असतो. हात बरा व्हावा म्हणून ऑपरेशन केलं, मग बोटं आधीपेक्षा जास्त का आखडली? डॉक्टर म्हणतात सगळं छान झालंय, मग इतकं दुखतंय का? आणि थोडा धीर आला की खालच्या आवाजात, "नस तर कापली गेली नसेल ना?"

या भीतीबद्दल लिहायचं तर एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पन्नाशीच्या, शिवणकाम करणाऱ्या. उजव्या हाताचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते. उजवा हात डाव्या तळव्यावर ठेवून बसल्या होत्या, मनगटाला आधार देणारा पट्टा होता. मूठ वळून दाखवा म्हटलं तर बोटांची टोकं तळव्यापासून दोन बोटं अलीकडेच थांबली. मूठ वळताना त्यांनी हाताकडे पाहिलंसुद्धा नाही, मान दुसरीकडे वळवली होती. मला त्या दुखण्याइतकीच ही वळवलेली मान महत्त्वाची वाटली.

"सगळा हातच दुखतो, मॅडम," त्या म्हणाल्या. सोबत आलेले यजमान म्हणाले, "हिला साधं कुलूप उघडता येत नाही. मीच सांगितलंय, हात अजिबात हलवू नकोस."

"सगळा हात दुखतो" यावर कुणालाच काही करता येत नाही, सर्जनलाही नाही. म्हणून मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि हाताची बाह्यरेषा काढायला सांगितली. डाव्या हातात पेन्सिल धरून त्यांनी उजव्या हाताभोवती रेघ ओढली. मग जिथे जे होतं तिथे खूण करायला सांगितलं. दुखतं तिथे फुली, आखडतं तिथे रेघ, बधिर वाटतं तिथे टिंब. खूप वेळ लागला, पण एका मोठ्या दुखण्याची चार वेगळी दुखणी झाली.

टिंबं अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकांवर होती. दबलेली नस याच बोटांना संवेदना देते, शिवाय अनामिकेच्या अर्ध्या भागालाही. मी विचारलं, "रात्री मुंग्यांनी जाग येते का?" त्या थबकल्या. ऑपरेशनआधी रोज रात्री उठून हात झटकत बसायच्या. आता झोप लागत होती, पण हे सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. नवं दुखणं समोर असलं की गेलेलं दुखणं मोजायचं राहून जातं. रात्रीच्या मुंग्या थांबणं ही नसेवरचा दाब कमी झाल्याची चांगली खूण असते. बधिरपणा मात्र सावकाश जातो. बराच काळ दबलेल्या नसेच्या आतले तंतू झिजलेले असतील तर ते पुन्हा वाढायला वेळ घेतात, साधारण दिवसाला एक मिलिमीटर. त्याला काही महिने लागतात, कधी वर्षही. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा आधीच सुकला असेल तर संवेदना आणि ताकद पूर्ण परत येईलच असं नाही, हे मी लपवत नाही. खोट्या दिलाशाने माणूस पुढे जास्त खचतो.

फुल्या तळव्याच्या बुडाशी, चट्ट्याच्या दोन्ही बाजूंना होत्या. खुर्चीवरून उठताना तळव्यावर भार दिला की तिथे कळ यायची. हे या ऑपरेशननंतर नेहमी आढळणारं दुखणं आहे, डॉक्टर त्याला पिलर पेन म्हणतात. ऑपरेशनमध्ये नसेवरून आडवा जाणारा जाड अस्थिबंध कापतात. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बाजूचे छोटे स्नायू त्याच बंधाला धरून असतात, त्यामुळे तो सुटला की तिथली सगळी बांधणी नव्याने बसावी लागते. बहुतेकांचं हे दुखणं तीन ते सहा महिन्यांत ओसरतं, आणि सुरुवातीला कमी झालेली पकडही साधारण याच काळात परत येते. हे ऐकून बाईंनी विचारलं, "म्हणजे दुखतं तेव्हा आत काही तुटत नसतं?" नसतं. त्यांच्या भीतीचं मूळ हे होतं.

बोटांवरच्या रेघा याच भीतीतून आलेल्या. टाके उसवतील, नस पुन्हा दबेल असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी रात्रंदिवस पट्टा घातला होता. हात खाली लोंबकळत राहिल्याने सूजही उतरत नव्हती. मनगटाच्या त्या अरुंद बोगद्यातून नसेबरोबर बोटं वाकवणारे नऊ टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, जातात. ते रोज पुढे-मागे सरकायला हवेत. सूज असताना बोटं स्थिर ठेवली की टेंडन आसपासच्या भागाला चिकटू लागतात आणि सांधे आखडतात. ऑपरेशननंतर सरसकट पट्टा घातल्याने फायदा होत नाही, असं अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑर्थोपेडिक सर्जन्सच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटलं आहे. एखाद्याच्या हाताला वेगळं कारण असू शकतं, म्हणून पट्टा काढायचा की नाही हे त्यांनी सर्जनना विचारलं. त्यांनी काढायला सांगितला.

फिजिओथेरपिस्टने व्यायाम शिकवले. बोटं सरळ, मग हुकासारखी, मग पूर्ण मूठ, पुन्हा सरळ. एका दमात खूप करण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. अधूनमधून हात उशीवर छातीच्या वर. जखम पूर्ण भरलेली असल्याने चट्ट्यावर हलका मसाजही. माझं काम होतं व्यायामाआधीच्या क्षणाचं. मूठ वळण्याआधी त्या सांगायच्या, "आता किती दुखेल असं वाटतं." वळून झाल्यावर सांगायच्या, प्रत्यक्षात किती दुखलं आणि किती वेळात थांबलं. सुरुवातीला अंदाज नेहमी वरचढ असायचा. पुढे त्या हाताकडे बघत मूठ वळू लागल्या. एक खूणगाठही दिली होती. व्यायामानंतरची कळ थोड्या वेळात शमली तर चालू ठेवायचं. दुसऱ्या सकाळी सूज आणि ठणका वाढलेला असेल तर व्यायाम कमी करायचा आणि थेरपिस्टला सांगायचं. दुसऱ्या हाताने बोटं जोरात दाबून मूठ बंद करायची नाही.

यजमानांशी स्वतंत्र बोलले. बायकोला दुखू नये म्हणूनच ते प्रत्येक काम हातातून काढून घेत होते. मी म्हटलं, "जड उचलणं, कपडे पिळणं तुमच्याकडे ठेवा. बटणं लावणं, घड्या घालणं त्यांना करू द्या, वेळ लागला तरी." ते ऐकून त्यांना हायसं वाटलं, त्यांनाही काहीतरी करायला हवंच होतं.

चौथी खूण अनामिकेच्या बुडाशी. सकाळी ते बोट वाकलेलंच अडकायचं आणि टक् आवाज होऊन सुटायचं. यावर मी एक शब्दही समजूत घातली नाही, त्यांना सर्जनकडे पाठवलं. तो ट्रिगर फिंगर निघाला. कार्पल टनेलच्या ऑपरेशननंतर तो काहींना होतो, मधुमेह असेल तर शक्यता जास्त, आणि या बाईंना मधुमेह होता. तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. नंतर काही दिवस साखर वाढू शकते हे आधीच सांगितल्यामुळे त्या घाबरल्या नाहीत. भीती आहे म्हणून प्रत्येक तक्रार मनाची ठरवायची, हे आमच्या क्षेत्रात होता कामा नये.

काही गोष्टींसाठी तर पुढच्या तारखेची वाटही पाहू नये. जखम लाल, गरम होऊन पू येणं, ताप. बधिरपणा ऑपरेशनआधीपेक्षा वाढणं किंवा अंगठ्याचा जोर अचानक जाणं. हात सुजून चकचकीत दिसणं, त्याचा रंग आणि तापमान बदलत राहणं, घाम फुटणं, कपड्याचा स्पर्शही सहन न होणं आणि जखमेच्या मानाने कितीतरी जास्त आग होणं. या शेवटच्या त्रासावर लवकर उपचार सुरू झाले तर हाताला फायदा होतो. आणि मुंग्या ऑपरेशननंतर जराही बदलल्या नसतील तर बंध पूर्ण सुटला आहे का, की त्रास मानेतल्या नसेचा आहे, हे पुन्हा तपासून घ्यावं.

बाईंची मूठ काही आठवड्यांत मिटली. तळव्याच्या बुडाची कळ त्यामानाने रेंगाळली, आणि कापडाची मोठी कात्री चालवणं सगळ्यात शेवटी जमलं. मधल्या बोटाचं टोक अजून थोडं बधिर आहे, सुई धरताना त्यांना जाणवतं. आता डाव्या हातालाही रात्री मुंग्या येतात. ऑपरेशन करायचं की नाही ते ठरलेलं नाही, पण या वेळी त्या सर्जनच्या आधी फिजिओथेरपिस्टकडे जाऊन व्यायाम शिकून आल्या आहेत.