मांड्या भरून येतात, तेव्हा नेमके काय थकलेले असते?

प्रश्न : मी ४७ वर्षांची असून बँकेत नोकरी करते. आमचे घर गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. सकाळी भाजीची पिशवी घेऊन मी एका दमात वर येते. परंतु संध्याकाळी, दिवसभर आकड्यांत डोके घालून परतल्यावर, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मांड्या अशा भरून येतात की कठड्याला धरून उभे राहावे लागते. काम बसून करायचे, बसमध्येही बहुतेक वेळा जागा मिळते. रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजी नॉर्मल आहेत. घरचे म्हणतात, हे मनाचे खेळ आहेत. पायांना काम नसताना पाय थकतात कसे?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : तुम्ही तपासण्या आधी करून घेतल्या, हे फार बरे केले, त्यामुळे आता मूळ प्रश्नाकडे निश्चिंतपणे वळता येते.

चौथ्या मजल्याची उंची १२ मीटर आणि तुमचे वजन ६० किलो धरले, तर शरीर वर नेण्यासाठी सुमारे ७,००० ज्यूल इतके काम करावे लागते. हा आकडा सकाळी आणि संध्याकाळी तोच असतो. मांडीच्या पुढच्या बाजूला क्वाड्रिसेप्स नावाचा चार भागांचा मोठा स्नायू आहे. पायरीवर पाऊल ठेवून गुडघा सरळ करण्याचा भार मुख्यतः त्याच्यावर पडतो. दिवसभर खुर्चीत बसल्याने तो दमण्याचे कारण नाही, ही तुमची शंका रास्तच आहे.

कष्टाची जाणीव मांडीत तयार होते आणि तेथून मेंदूकडे जाते, असे आपण सहज धरून चालतो. गेल्या काही दशकांतल्या संशोधनाने या समजुतीला चांगलाच धक्का दिला आहे. स्नायूला आकुंचन पावण्याचा हुकूम मेंदू देतो, तेव्हा त्या हुकुमाची एक प्रत मेंदूतच संवेदना जाणणाऱ्या भागांकडे जाते आणि हुकूम जितका जोरकस, तितके कष्ट अधिक जाणवतात, असे एक मत आहे. इटालियन संशोधक सॅम्युएले मार्कोरा यांनी ते २००९ मध्ये ठामपणे मांडले. स्नायूंकडून, हृदयाकडून आणि फुप्फुसांकडून येणाऱ्या निरोपांना काही अर्थच नाही, असे मात्र कोणी समजू नये. त्याच वर्षी मार्कुस आमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलपटूंच्या कमरेच्या मणक्यात फेंटॅनिल हे औषध टोचून पायांकडून वर जाणारे निरोप बरेचसे अडवले. परिणामी ५ किलोमीटरच्या शर्यतीच्या पहिल्या टप्प्यात त्यांच्या मांड्यांना नेहमीपेक्षा अधिक हुकूम मिळाला, एकूण वेळ जवळपास तेवढाच लागला आणि शर्यत संपल्यावर मांड्या इतक्या दमलेल्या होत्या की धड चालणेही अवघड झाले. याचा अर्थ मी असा घेतो की पायांचे निरोप हुकुमाला लगाम घालतात; परंतु आपण ज्याला ‘जड जाते’ म्हणतो, ती जाणीव मुख्यतः हुकुमाचीच असते.

आता तुमची संध्याकाळ घेऊ. मार्कोरा यांच्या गटाने १६ जणांकडून एके दिवशी ९० मिनिटे सतत लक्ष लागेल असे संगणकावरचे काम करून घेतले आणि दुसऱ्या एका दिवशी तेवढाच वेळ त्यांना माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा नंतर त्यांनी ठरावीक भारावर, दम संपेपर्यंत सायकल चालवली. माहितीपट पाहिल्यावर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, तर डोके शिणल्यावर ६४०. टिकण्यातला हा फरक हृदयाच्या किंवा फुप्फुसांच्या मोजमापांनी उलगडला नाही. मात्र डोके शिणलेले असताना तीच सायकल पहिल्यापासून जास्त कष्टाची वाटत होती.

२०१३ मध्ये बेंजामिन पेजो आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न थेट मांडीला विचारला, आणि तुमच्या घरच्यांना सांगण्यासारखा प्रयोग हाच आहे. त्यात माणूस पूर्ण जोर लावून गुडघा सरळ करतो आणि त्याच क्षणी मांडीच्या मज्जातंतूला बाहेरून विजेचा झटका दिला जातो. झटक्याने जोर वाढला, तर मेंदू स्नायूच्या सगळ्या तंतूंना कामाला लावत नव्हता असे ठरते. दीर्घ बौद्धिक कामानंतरही हा पूर्ण जोर कमी झाला नाही आणि मेंदूने कामाला लावलेल्या तंतूंचे प्रमाणही घटले नाही. तरीही कमाल ताकदीच्या केवळ २० टक्के जोर धरून ठेवायला सांगितल्यावर माणसे सुमारे १३ टक्के लवकर थांबली आणि तेवढ्या वेळातही त्यांना कष्ट अधिक जाणवले. मांडी शाबूत होती. तोच जोर अधिक महाग वाटत होता.

म्हणून तुमच्या घरच्यांचे अर्धेच म्हणणे खरे आहे. जाणीव मेंदूत घडते हे बरोबर, पण तिला खेळ म्हणणे हा तुमच्यावर अन्याय आहे. कठड्याला धरून क्षणभर उभे राहण्यात कमीपणा मानू नका.

स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी कष्ट मोजण्यासाठी ६ ते २० अशी पट्टी तयार केली. तरुण निरोगी माणसाने सांगितलेल्या आकड्याला १० ने गुणले की हृदयाचे मिनिटाचे ठोके ढोबळमानाने मिळावेत, अशी तिची बांधणी आहे. तिच्यावर ११ म्हणजे हलके, १३ म्हणजे काहीसे कष्टाचे आणि १५ म्हणजे कष्टाचे. संध्याकाळी जिना चढताना १३ च्या आसपास राहा. आकडा वर जाऊ लागला की वेग कमी करा. घरी येताना बसमध्ये कामाचे संदेश वाचू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आणि आठवड्यातून दोन दिवस, हात न टेकता खुर्चीवरून उठण्या-बसण्याच्या १०-१० च्या दोन-तीन फेऱ्या करा. मांडीची कमाल ताकद वाढली की प्रत्येक पायरी त्या ताकदीचा लहान हिस्सा मागते, हुकूम हलका होतो आणि डोके शिणलेल्या संध्याकाळीही जिना पूर्वीइतका उंच वाटत नाही. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली, तर मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : जुलैमध्ये आम्ही मित्र कळसूबाईला गेलो. चढताना जीव मेटाकुटीला आला, उतरताना मात्र काहीच वाटले नाही. तिसऱ्या दिवशी दादर स्टेशनच्या पुलावरून उतरताना मांड्या इतक्या दुखत होत्या की एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत मी खाली आलो. चढण्याने दुखल्या असतील का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : चढण्याने नव्हे, उतरण्याने. तुम्हाला जे सोपे वाटले, त्यानेच मांड्या दुखावल्या.

उतरताना गुडघा हळूहळू वाकतो आणि मांडीचा स्नायू ताण धरून ठेवत लांबत जातो. आपण त्याचा ब्रेकसारखा उपयोग करत असतो. असे लांबताना प्रत्येक तंतू अधिक ताण पेलू शकतो, म्हणून तेवढ्याच वजनासाठी मेंदूला कमी तंतू कामाला लावावे लागतात. १९५२ मध्ये अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या तिघा संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने उलट फिरणाऱ्या पेडलला पायांनी अडवायचे, अशी योजना होती. दोघांच्या पायांवरचा जोर सारखाच असूनही अडवणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. मांडीवर इलेक्ट्रोड चिकटवून विजेचे संकेत टिपणारी ईएमजी तपासणीही हेच दाखवते. तीच पायरी चढताना पडद्यावर दाट गवतासारख्या रेषा उठतात आणि उतरताना त्या विरळ होतात. हुकूम कमी, म्हणून कष्टही कमी. परंतु थोड्या तंतूंवर मोठा ताण येत असल्यामुळे त्यांत सूक्ष्म इजा होतात आणि दुखणे साधारण २४ ते ७२ तासांत कळसाला पोहोचते. तुमचा तिसरा दिवस या हिशेबात नेमका बसतो.

तेव्हा डोंगर उतरताना कष्टाच्या जाणिवेवर विसंबू नका, ती येथे फसवते. मोहिमेच्या दोन-तीन आठवडे आधी एखाद्या जिन्यावरून थोडे थोडे उतरण्याचा सराव केला, तर पुढच्या वेळी दुखणे बरेच कमी होईल. अशा एकाच सरावाचेही संरक्षण स्नायू काही आठवडे लक्षात ठेवतो. लघवी गडद तपकिरी झाली किंवा मांड्या सुजल्या, तर लगेच तपासून घ्या.

प्रश्न : गुडघ्याला सूज आल्यापासून आईची मांडी बारीक झाली आहे. व्यायाम करताना ‘जोर लावते, पण लागत नाही’ असे ती म्हणते. ती टाळाटाळ करते आहे का?
— एक वाचक, परळ

उत्तर : नाही. गुडघ्यात पाणी भरले की सांध्याकडून मज्जारज्जूत जाणारे संकेत मांडीच्या स्नायूचा हुकूम वाटेतच अडवतात. गुडघ्यात २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चार ते सहा लहान चमचे द्रव टोचल्यानेही मांडीच्या आतल्या बाजूचा भाग मंदावतो, असे प्रयोगांत दिसले आहे. तुमच्या आई हुकूम देत आहेत, तो पोहोचत नाही. आधी सुजेवर उपचार करून घ्या. व्यायामापूर्वी २० मिनिटे फडक्यात गुंडाळलेला बर्फ गुडघ्यावर ठेवल्याने हा अडसर काही काळ सैल होतो. त्या वेळेत, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबण्याचा व्यायाम त्यांच्याकडून करून घ्या आणि आपला हात त्यांच्या मांडीवर ठेवा, म्हणजे स्नायू कडक झाला की तुम्हा दोघींनाही कळेल.