पिल्लू खाली पडलंय, आता काय करू?

या वेळी मेलबॉक्स उघडला तर निम्म्याहून जास्त प्रश्न मुलांचे, किंवा मुलांबद्दल मोठ्यांचे. म्हणून बाकीचे पुढच्या अंकात ढकलले आणि हे आधी घेतलेत.

ताई, मी पाचवीत आहे. काल झाडाखाली पक्ष्याचं एक पिल्लू दिसलं म्हणून बॉक्समध्ये घालून घरी आणलं. आजी म्हणते माणसाचा हात लागला की आई त्याला परत घेत नाही. आता मी काय करू?

आधी घाबरू नकोस. आजीला सांग की हे सगळीकडे सांगतात पण तसं नसतं, माणसाचा वास आला म्हणून पक्षी पिल्लाला टाकून देत नाहीत. आता पिल्लाकडे नीट बघ. अंगभर पिसं आहेत, छोटीशी शेपटी आहे, टुणटुण उड्या मारतंय? मग ते पडलेलं नाहीये, उडायला शिकतंय. ही पिल्लं घरट्यातून बाहेर पडल्यावर काही दिवस जमिनीवर नाहीतर झुडपात असतात आणि आईबाप तिथेच आसपास असतात, येऊन भरवून जातात, आपण जवळ उभं राहिलो की फक्त येत नाहीत. म्हणजे तू त्याला वाचवलं नाहीस, चालू शाळेतून उचलून आणलंस (रागावत नाहीये हां, मी पण लहानपणी हेच केलंय). जिथे सापडलं तिथेच जवळच्या झुडपात ठेव आणि लांब जाऊन बस.

पिसं नसलेलं, उघडं गुलाबी पिल्लू असेल तर मोठ्या माणसाला सोबत घेऊन घरट्यात परत ठेवायचं, घरटं हाताला येत असेल तरच. चोचीत पाणी ओतू नकोस, पक्ष्यांची श्वासनळी जिभेच्या अगदी मागेच उघडते, पाणी सरळ तिकडे जातं. दूध तर नाहीच नाही. रक्त येतंय, पंख लोंबतोय किंवा मांजरानं धरलं होतं असं असेल तर भोकं पाडलेल्या बॉक्समध्ये कापड घालून अंधारात शांत ठेवायचं आणि मोठ्यांना सांगून वन्यजीव बचाववाल्यांना किंवा प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करायचा. मांजराच्या बाबतीत जखम दिसली नाही तरी फोन करायचाच, कारण त्याच्या लाळेतल्या जंतूंनीच पिल्लं दगावतात.

माझा नऊ वर्षांचा मुलगा जंगलं जळतायत, बर्फ वितळतोय असे व्हिडिओ बघतो आणि रात्री झोपत नाही. काय समजावू त्याला?

"काही होत नाही रे" एवढं मात्र म्हणू नका, त्याला माहितीये की होतंय. व्हिडिओ जरा कमी करा, आणि त्याच्या हाताला असं काम द्या ज्याचा परिणाम त्याला स्वतःला बघता येईल. माझं आवडतं काम म्हणजे खिडकीची काच. काचेत आकाश आणि झाडं दिसतात, पक्ष्याला वाटतं रस्ता मोकळा आहे आणि तो धाडकन आदळतो. एकट्या अमेरिकेत असे वर्षाला कोट्यवधी पक्षी मरतात, काही अंदाज तर शंभर कोटीच्या आसपास जातात. मधोमध ससाण्याचा एक स्टिकर लावून उपयोग नाही, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतात आणि उरलेल्या काचेवर आपटतात. ठिपके किंवा रेघा सगळ्या काचेवर हव्यात, दोन खुणांमध्ये साधारण ५ सेंटीमीटरच जागा, आणि त्या बाहेरून लावायच्या. चित्रं काढायची असतील तर त्याला रंग द्या आणि काच सोडून द्या त्याच्या ताब्यात, फक्त वरच्या मजल्यावरच्या काचेला बाहेरून हात घालायला त्याला पाठवू नका. रात्री बाहेरचे बिनकामाचे दिवे बंद करायची ड्युटी पण त्यालाच द्या. पतंग दिव्याभोवती फिरून फिरून दमून जातात, आणि समुद्रकिनाऱ्यावर तर अंड्यातून निघालेली कासवाची पिल्लं पाण्याऐवजी दिव्यांच्या दिशेने चालत सुटतात.

मी शिक्षिका आहे. दरवर्षी ५ जूनला रोपं लावतो, फोटो काढतो, पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात परत रोप लावतो. मुलांना पण कंटाळा आलाय. दुसरं काही सुचवा ना.

तुमचा मेल वाचून हसले आणि मग वाईट पण वाटलं. मॅडम, एक वर्ष नवीन रोप लावूच नका, मागच्या वर्षीची जगली किती ते मुलांकडून मोजून घ्या आणि जगलेल्यांना पाणी घाला.

दुसरं, मुलांना नोंदी करायला शिकवा. मोनार्क फुलपाखरांची गोष्ट त्यांना सांगाच. ही फुलपाखरं थंडीत उत्तर अमेरिकेतून जातात कुठे हे कितीतरी वर्षं कुणाला माहीत नव्हतं. कॅनडाचे फ्रेड अर्क्वार्ट आणि त्यांची बायको नोरा यांनी पंखाला लावायचं इवलंसं लेबल तयार केलं आणि सामान्य लोकांनाच कामाला लावलं. १९७५ मध्ये मेक्सिकोच्या डोंगरात झाडांवर लगडलेली लाखो फुलपाखरं सापडली, पण ही तीच कशावरून? १९७६ च्या जानेवारीत अर्क्वार्ट स्वतः तिथे गेले, वजनाने एक फांदी मोडून पडली आणि त्यातल्या एका फुलपाखराच्या पंखावर लेबल होतं. ते लावलं होतं आदल्या ऑगस्टमध्ये, हजारो किलोमीटर लांब अमेरिकेतल्या मिनेसोटात, एका शिक्षकाने आणि त्याच्या दोन विद्यार्थ्यांनी! मला हे लिहिताना पण अंगावर काटा येतो.

तुम्हाला लेबलं लावायची गरज नाही. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, १९९८ पासून चालू आहे, किमान १५ मिनिटं एका जागी उभं राहून दिसले ते पक्षी मोजायचे आणि नोंदवायचे, बस. मोबाईल असेल तर सीक नावाचं ॲप चांगलंय, झाडाचा किड्याचा फोटो दाखवला की नाव सुचवतं आणि मुलांना अकाउंट पण काढावं लागत नाही. आणि मैदानाचा एक कोपरा वर्षभर झाडू न मारता, फवारणी न करता सोडा, वाळलेली पानं तिथेच. हेडसरांना तो कचरा वाटेल, त्यांना सांगा की प्रयोग चालू आहे.

आमच्याकडचं लाल कानवालं कासव खूप मोठं झालंय. बाबा म्हणतात तळ्यात सोडून देऊ, ते पण खूश आणि आपण पण. सोडू का? (सातवी)

नको! बाबांना हे वाचायला दे. जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० घुसखोर जातींची जी यादी निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने काढलीये तिच्यात या कासवाचं नाव आहे, तिथल्या मूळ कासवांची जागा आणि खाणं ते पळवतं, सोबत रोग नेतं ते वेगळंच. त्याला मोठी टाकी द्या, नाहीतर ठेवून घेणारी संस्था शोधा.

गुदगुल्या केल्यावर हात वर करणाऱ्या प्राण्याच्या रील्स लाईक कराव्या का, असं पण तू विचारलंयस. ते मोठ्या डोळ्यांचं लोरिस (माकडांच्या नात्यातला छोटा प्राणी) मजेत नसतं. त्याच्या कोपराजवळ विषाची ग्रंथी असते, घाबरलं की ते हात वर करतं. असे व्हिडिओ बघून लोकांना ते पाळावंसं वाटतं आणि मग जंगलातून पकडून आणतात. तेव्हा लाईक नको, शेअर नको, आणि चिडून कमेंट पण नको कारण त्याने पण व्हिडिओ आणखी पसरतो. रिपोर्ट कर आणि पुढे जा.

कारखाने धूर सोडणार आणि आमच्या पोरांनी नळ बंद करायचे. याने काय फरक पडतो?

अर्धं पटलं मला. मोठ्यांनी करायचं काम पोरांच्या दप्तरात भरायचं हे चूकच आहे. पण १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या शाळेतल्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं की वर्षावन वाचवायला आपण काय करू शकतो, मग वर्गाने नाटकं केली, काहीबाही विकलं, आणि त्या पैशातून कोस्टा रिकातला जंगलाचा तुकडा घेतला. मग चाळीसेक देशांतली मुलं सामील झाली. आज ते मुलांचं जंगल २२ हजार हेक्टरच्या वर आहे. मुलांनी फक्त विचारलं आणि हट्ट धरला, जमीन खरेदीचे कागद मोठ्यांनीच केले. तुमच्या पोरांनी काही विचारलं तर कागदांचं तेवढं तुम्ही बघा.

मुंगी पण वन्यजीव असते का? (पहिली, आईने टाईप केलंय)

असते ना. कितीतरी झाडांच्या बियांना एक चविष्ट टोक असतं, मुंग्या ती बी घरी नेतात, टोक खातात आणि बी टाकून देतात, तिथे झाड उगवतं. उद्या एका रांगेजवळ बस आणि एक मोठा तुकडा किती जणींनी मिळून उचलला ते मोजून मला कळव. जणींनी असं मुद्दाम लिहिलंय, कामकरी मुंग्या सगळ्या मुलीच असतात.