स्विच आणि राउटर, गल्लत नको

घरातल्या डब्याला आपण सरसकट राउटर म्हणतो, पण त्या एकाच डब्यात राउटर, स्विच आणि वायफायचा सिग्नल देणारा ॲक्सेस पॉइंट असे तिघे नांदतात, कधीकधी मोडेमही. हे आधी डोक्यात बसव.

स्विच आपल्याच नेटवर्कमधली यंत्रं जोडतो. कुठल्या पोर्टवर (केबल खोचायच्या खाचेवर) कुठला मॅक ॲड्रेस (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आहे हे तो लक्षात ठेवतो आणि डेटा नेमका तिकडेच धाडतो. जुना हब आलेलं सगळं सगळ्यांना वाटत सुटायचा. दिसला तर खुशाल भंगारात टाक. राउटर आयपी ॲड्रेस (यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता) पाहून एका नेटवर्कमधून दुसऱ्यात वाट काढून देतो.

एक चूक मी स्वतः केलीय. स्विचात एक टोक असलेल्या केबलचं दुसरं टोक लोंबत होतं, बरं दिसत नाही म्हणून ते त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टात खोचलं. सगळे दिवे एकदम थयथयाट करायला लागले आणि बघता बघता अख्खं ऑफिस ठप्प! लूप झाला होता. स्वस्तातल्या साध्या स्विचला बहुधा एसटीपी (लूप ओळखून तोडणारी सोय) नसतं, मग ब्रॉडकास्ट (सगळ्यांना धाडलेला संदेश) गरगर फिरतच राहतो.

जुना राउटर नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून लावणार असशील तर त्याचं डीएचसीपी (यंत्रांना आपोआप आयपी वाटणारी सोय) बंद कर, आयपी बदल आणि केबल वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पोर्टाऐवजी लॅन (आपल्या नेटवर्कच्या) पोर्टात घाल. आणि हो, तांब्याची केबल १०० मीटरच्या आतच ठेव.