जुन्या वाफेच्या इंजिनांच्या दुरुस्तीत करिअर होईल का?

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. नेरळला ठेवलेलं माथेरानच्या गाडीचं जुनं इंजिन पाहिल्यापासून ‘मी टॉय ट्रेनची वाफेची इंजिनं दुरुस्त करणार’ म्हणतो. त्याचे बाबा म्हणतात, यात पोट भरणार नाही. काय करावं? – एक आई, कर्जत

ताई, नमस्कार.

तुमच्या मुलाला आवडलेलं काम फार कसबाचं आहे. माथेरानची रेल्वे 1907 सालची. तिची पहिली इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची. त्यांचे सुटे भाग आज कुठल्या दुकानात मिळणार? बुश (फिरत्या दांड्याभोवतीचं धातूचं नळकांडं) झिजला की लेथवर नवा काढायचा, बॉयलरच्या नळ्या गळू लागल्या की बदलायच्या, मग पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यायची. बॉयलरला कायदा लागू असतो, तिथे अंदाजपंचे चालत नाही. हे शिकलेला माणूस कुठल्याही कारखान्यात उपयोगी पडतो, हे बाबांना जरूर सांगा.

त्यांची काळजी मात्र रास्त आहे. अशी इंजिनं आजही जिवंत ठेवणाऱ्या जागा देशात मोजक्याच : दार्जिलिंगच्या गाडीसाठी तिनधारिया, नीलगिरीसाठी कुन्नूरची शेड आणि त्रिचीचं गोल्डन रॉक वर्कशॉप, शिवाय हरियाणातलं रेवाडी. सगळा कारभार रेल्वेचा. टेक्निशियन म्हणून भरती झाली तरी नेमणूक कुठे होईल ते आपल्या हातात नसतं. म्हणून फक्त या एका नोकरीवर आयुष्य बेतू नका. तिच्यापर्यंत नेणारा हातचा धंदा शिकू द्या.

दहावीनंतर आयटीआयला फिटर किंवा मशिनिस्ट, दोन्ही दोन वर्षांचे. मग रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिसशिपसाठी अर्ज. पुढे बॉयलरवर अनुभव घेऊन बॉयलर अटेंडंटची परीक्षा देता येते. महाराष्ट्रात ती बाष्पके संचालनालय घेतं. आपल्याकडचे साखर कारखाने वाफेवरच चालतात, आणि बॉयलरचं वेल्डिंग करणारा आयबीआर (भारतीय बॉयलर नियमांप्रमाणे पात्र ठरलेला) वेल्डर तिथे मान राखून असतो. रेल्वे लागली नाही तरी वाफ सुटणार नाही. गणित चांगलं असेल तर मेकॅनिकल डिप्लोमाही करू द्या, पण मला विचाराल तर या मुलाने आधी कानस हातात धरावी. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप धरायला वर्गातल्या फळ्यावर शिकता येत नाही.

परीक्षा संपली की बाप-लेकांनी मिळून एखादं लेथचं वर्कशॉप दिवसभर पाहून यावं. रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीत डोळे बारकाईने पाहतात, तेव्हा रंग ओळखण्याची चाचणी आत्ताच करून घ्या. प्रवेशाच्या अर्जात पहिली पसंती फिटर, दुसरी मशिनिस्ट लिहा.