पाहुण्या गळ्याची पट्टी

नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली सातही गाणी दोनदा ऐकली. पहिल्याच अल्बमसाठी पाच वेगवेगळ्या गायकांना बोलवण्याचे तुझे धाडस मला आवडले. पण सगळे ट्रॅक वाद्यांसकट बांधून झाल्यावर तू गायक शोधायला निघाला आहेस, तिथे तुला अडवावेसे वाटते. सातांपैकी पाच गाणी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून बांधलेली आहेत, कारण चाल तू स्वतः गुणगुणत बांधतोस आणि तुझा गळा तिथे बसतो. तुझ्या यादीतल्या तिघी गायिका मात्र काळी चारच्या आसपास गाणाऱ्या आहेत, म्हणजे पेटीवर तब्बल सात पट्ट्यांचे अंतर.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. भर पावसात पंचवटीहून आलेल्या एका गायिकेला मी हेडफोन लावून उभे केले, तर मुखड्यातला मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, तिला लागेना, आणि सप्तक वर घेतले तर अंतऱ्यात आवाज चिरकू लागला. मी संगणकावर अख्खा ट्रॅक वर सरकवला, तेव्हा मेहनतीने मुद्रित केलेला संबळ पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागला. ती काही बोलली नाही. पाण्याचा घोट घेऊन पुन्हा उभी राहिली. तो टेक मी आजवर कुणाला ऐकवलेला नाही.

तेव्हा तानपुरा, ठेका आणि चाल एवढेच घेऊन गायकाच्या घरी जा, चहा झाल्यावर पट्टी ठरव, मुखडा फोनवर टिपून घे आणि मगच वाद्ये चढव. मिडीवरचा, म्हणजे संगणकात नुसत्या सुरांच्या नोंदी म्हणून साठवलेला सिंथ क्षणात वर-खाली नेता येतो, मुद्रित बासरी तशी नेता येत नाही. आणि प्रत्येक आवाजासाठी मुंबईकडे पाहू नकोस. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात ज्या नाशकात रामनामाचा आश्रम चालवला, तिथे गळ्यांचा तोटा असेल असे मला वाटत नाही.

पाच आवाज आले की अल्बम हे निव्वळ संकलन वाटण्याची भीती असते. पहिल्या आणि चौथ्या गाण्यात संबळाखाली तू जो खर्जातला सिंथ धरून ठेवला आहेस, तो तुझा आवाज आहे. तो सगळीकडे कुठे ना कुठे येऊ दे. पाचव्या गाण्याला तर गायकच नको, ते बासरीवर पुरते.

मुद्रणाचे तुला माहीत आहेच: ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, उच्चतम पातळी शून्याच्या सहा-एक डेसिबल खाली, भिंतींना गोधड्या आणि कितीही उकडले तरी पंखा बंद.

व्यवहार मात्र पहिल्या टेकच्या आधी कागदावर येऊ दे. मानधन किती, श्रेयनामावलीत नाव कसे आणि ऑनलाइन प्रसारण मंचांवर गायक सहकलाकार म्हणून नोंदवला जाणार की नाही, हे स्पष्ट लिही, कारण त्या नोंदीवरच गाणे त्याच्याही पानावर दिसते. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीत गायकाचाही हक्क आहे. मैत्रीखातर तो विषय टाळणारे पुढे एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत.

तिसरे गाणे पट्टी बदलूनही लांबणारच. दुसऱ्या अंतऱ्याआधीची ती सोळा आवर्तने चारवर आण आणि रविवारी ऐकवायला ये.

कळावे.