लग्नाला चार महिने झालेत, दोन वर्षं मूल नको आहे. सासूबाई म्हणतात गोळ्यांनी पिशवी सुकते. खरं आहे का? आणि बायकांना या गोष्टींची माहितीच का नसते?

पिशवी सुकत नाही. गोळ्या थांबवल्या की पाळी मार्गी लागते आणि दिवस राहू शकतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र माझं डोकं फिरलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भ टाळण्याचं एकही साधन ठाऊक नाही अशी बाई शोधून सापडत नाही. वापर बघा आता: विवाहित बायकांत ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं, निरोध ९.५, गोळ्या ५.१, तांबी २.१ आणि पुरुषांची नसबंदी ०.३. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली! नावं आता सगळ्यांना पाठ आहेत. अडतं ते घरात.

आमच्या घरचंच सांगते. सांगोल्याकडची डाळिंबाची बाग, एकत्र कुटुंब. दुसऱ्या मुलीनंतर मोठ्या जाऊबाईंना तांबी हवी होती. सासूबाई म्हणाल्या, तांबी वर चढते, काळजात जाते. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून आकृती काढून दाखवली. तांबी कधीकधी निसटून पडते, फार क्वचित गर्भाशयाच्या भिंतीतून पोटात जाते, पण काळजाकडे जायला वाटच नाही. सासूबाईंनी आकृती नीट पाहिली आणि म्हणाल्या, "हे तुझं पुस्तकातलं."

मग जाऊबाई अंगावर पाजण्याच्या भरवशावर राहिल्या. तो उपाय अगदीच खोटा नाही, पण बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, फक्त आईच्या दुधावर हवं आणि पाळी परत आलेली नसावी. आमच्याकडे चौथ्या महिन्यातच वरणाचं पाणी सुरू झालं होतं. मुलीचं जावळ काढायच्या आत जाऊबाईंना पुन्हा दिवस गेले.

तिसऱ्यानंतर ऑपरेशन ठरलं. मी सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊजी, तुम्हीच का नाही करून घेत? बिनटाक्याचं असतं, जागा बधिर करतात, त्याच दिवशी घरी." भाऊजी म्हणाले, "मग फवारणीचा पंप पाठीवर तू घेणार का?" सगळे हसले, जाऊबाईसुद्धा. छेद त्यांच्याच पोटाला गेला आणि महिनाभरात त्या बागेत डाळिंबं तोडत होत्या. वर दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली, जी सरकारी नियमांप्रमाणे लागतच नाही.

नसबंदीत फक्त बीज वाहून नेणारी नळी बंद करतात. पुरुषी संप्रेरक रक्तात मिसळतं ते मिसळतच राहतं, ताकद कुठेही जात नाही. काळजी एकच, पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्याची तपासणी करून घ्यायची. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. भाऊजी आता नातवाच्या मोबाईलवर दिवसभर काहीबाही वाचतात, हेही वाचतील.

तुमच्यासाठी निरोध किंवा गोळ्या. सरकारी दवाखान्यात 'छाया' नावाची गोळी फुकट मिळते, आशाताईही आणून देतात. तिच्यात संप्रेरकं नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच घ्यायची. पाळी लांबू शकते, तेवढ्याने घाबरू नका. 'अंतरा'चं इंजेक्शन तीन महिने चालतं, पण ते सोडल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात, तेव्हा दोन वर्षांचा हिशेब आधीच करा.

हो, एक राहिलंच. रक्तदाब असेल, रक्तात गुठळी झालेली असेल किंवा डोळ्यांपुढे लखलखाट होऊन अर्धशिशी उठत असेल, तर रोजच्या 'माला'सारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. विचारायला जाल तेव्हा नवऱ्याला बाहेर बाकड्यावर बसवू नका, आत न्या. निरोध त्यालाच वापरायचा आहे, आणि या सगळ्यांत संसर्गापासून वाचवणारं साधन तेवढं एकच.